तरव्याला थंडी, तांदळाची कणी: वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं भातावरचीच जास्त आलीत. उसावरची दोन आहेत ती पुढच्या अंकात घेतो, ऊसवाल्यांनी रागावू नये, दर वेळी त्यांचंच तर चाललेलं असतं.

प्रश्न: राम राम सर. मी शिराळा तालुक्यातला, पावसाळी भात आमच्याकडं वर्षानुवर्षं आहे पण उन्हाळी पहिल्यांदाच केलं, कारण पाणी होतं आणि रान मोकळं पडलं होतं. १८ डिसेंबरला तरवा टाकला, म्हणजे रोपांसाठी बी पेरलं, जात १२० दिवसांची. नेमकी त्याच आठवड्यात थंडी सुरू झाली, पहाटं १० च्या खाली पारा, तरवा वर यायलाच तयार नाही, पिवळा पडला. २ फेब्रुवारीला कशीतरी लावण केली, तोवर ४६ दिवस झाले होते. लागण झाल्यावरही पिवळंच, म्हणून युरिया टाकला, मार्चच्या मध्याला परत एकदा टाकला, मग मात्र असं काळंभोर झालं की बघत राहावं. १४ एप्रिलपासून निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडू लागल्या, ते महिना संपेपर्यंत निसवतच होतं. काढणी २५ मेला, त्याच्या आधी चार दिवस एक वळीव झोडपून गेला. वाळवून गिरणीत नेलं तर क्विंटलला ६१ किलो उतारा आणि त्यातली निम्मी कणी. गिरणीवाला म्हणतो थंडीनं तुमचं भात मारलं, दाण्यात जीवच नाही. भावकीतल्या एकानं त्याच पिशवीतलं बी नोव्हेंबरच्या शेवटी टाकलं होतं, त्याचा तांदूळ चांगला निघाला. तरव्यात लागलेली थंडी पाच महिन्यांनी दाण्यात कशी काय निघते? का गिरणीवाला स्वतःची गिरण झाकतोय?

उत्तर: राम राम दादा. पत्रात तारखा लिहिल्यात त्याबद्दल पहिलं आभार, निम्मं उत्तर तारखांतच आहे. बाकीचे लोक लिहितात ‘थंडीत पेरलं आणि उन्हात काढलं’, आता यावर मी काय सांगणार.

गिरणीवाला अर्धा बरोबर आहे. डिसेंबरात तरवा दोन-तीन पानांचा असताना त्याच्या अंगात दाणाच नसतो. लोंबीची सुरुवात होते ती निसवायच्या साधारण महिनाभर आधी, म्हणजे तुमच्याकडं मार्चच्या मध्यावर, तेव्हा थंडी कुठं होती? त्यामुळं डिसेंबरच्या थंडीनं दाण्याला हात लावला असं म्हणता येत नाही. तिनं तुमचे दिवस खाल्ले. आणि ते खाल्लेले दिवस पुढं जाऊन एप्रिल-मेच्या उन्हातनं वसूल झाले.

हे कसं ते नीट बघू, कारण मी नोकरीत असताना पाटण आणि शिराळ्यात बरीच वर्षं फिरलोय आणि हा घोळ खूप जणांच्या डोक्यात असतो. भाताला दिवस मोजता येत नाहीत, ऊब मोजता येते. साधारण १० अंशाच्या वरचं जे तापमान असतं तेवढंच त्याच्या कामाचं, खाली सगळं बंद. आता पहाटं ९ आणि दुपारी २८ असेल तर दिवसाची सरासरी साडेअठरा, म्हणजे कामाची ऊब साडेआठ अंश. जूनमध्ये तीच सरासरी २६-२७ असते, म्हणजे कामाची ऊब १६ च्या पुढं. तर तुमच्या तरव्याला एका दिवसात अर्ध्या दिवसाचंच जेवण मिळत होतं. उबेत एक नवं पान यायला चार-पाच दिवस लागतात, तुमच्याकडं आठ-नऊ लागले असणार. पिशवीवर १२० दिवस लिहिलंय ते उबेतले दिवस, थंडीतले नाहीत, पण हे पिशवीवर कोण लिहिणार.

बरं दुसरी एक गोष्ट शेतकऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. भाताचा वाढीचा शेंडा, जिथनं नवी पानं आणि फुटवे निघतात तो, लहानपणी वर नसतो, तो बुडाशी असतो, मातीच्या लगत, पाण्यात. पोटरी धरायला लागली, म्हणजे आत लोंबी वाढून काडी फुगायला लागली, की मगच तो वर चढतो. म्हणजे पहिले दोन महिने भाताला हवा किती गार आहे यापेक्षा बुडातलं पाणी किती गार आहे हे जास्त लागतं. तुमच्या भावकीतल्यानं विहिरीचं पाणी दिलं होतं का, हे विचारून बघा. आपल्याकडं विहिरीचं पाणी बाराही महिने पंचविशीच्या आसपास असतं, थंडीत पहाटं त्यातनं वाफा निघताना आपण सगळ्यांनीच बघितलंय. तेच पाणी रात्रभर उघड्या पाटातनं आलं की पार गारठतं. आणि काही जण तर तरव्यात रात्रंदिवस बारीक धार चालू ठेवतात, भाताला पाणी लागतं म्हणून, त्यानं रोपांचा वाफा तापूच शकत नाही. मोठ्या धरणांच्या तळातनं सोडलेल्या पाण्याचा हा त्रास लोकांना फार आहे, कॅलिफोर्नियात ओरोव्हिल धरणाच्या खालच्या भागात जिथनं पाणी शेतात शिरतं तिथलं भात मागं राहतं आणि लांबचं पुढं जातं, एकाच वावरात. आपल्याकडं पाटाच्या तोंडाशी भात खुजं का असतं याचं उत्तर कधी कधी हेच असतं, लोक मात्र वाळू साचली म्हणतात.

आता पिवळेपणाकडं येऊ, कारण माझ्या मते तुमचा खरा घोटाळा इथं आहे, थंडीत नाही. थंडीत पान पिवळं पडतं ते युरिया कमी म्हणून नव्हे. मुळं गारठलेली असतात, ती जमिनीत आहे तेसुद्धा उचलत नाहीत, आणि पानात हिरवा रंग धरत नाही. वर गार चिखलात जस्त आणि स्फुरद नीट मिळत नाही, जस्ताची कमतरता असेल तर पानावर तांबूस ठिपकेही दिसतात. अशा वेळी युरिया टाकणं म्हणजे ताप आलेल्या माणसापुढं पुरणपोळी ठेवणं. पोरगं खात नाही आणि ताट तसंच राहतं. मग फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढलं, मुळं जागी झाली, आणि सगळं एकदम उचललं. त्यावर तुम्ही मार्चच्या मध्याला परत वाढलं. ते काळंभोर झालं म्हणता ना, ते बघून मला भीतीच वाटली असती. थंडीत जे फुटवे यायला पाहिजे होते ते आले नव्हते, ते आता या खतावर एकदम सुटले. मूळ काडी निसवली १४ एप्रिलला आणि हे उशिराचे फुटवे महिन्याच्या शेवटी. एका बुडख्यात पंधरा दिवसांचं अंतर. काढणी मात्र एकाच दिवशी. मग तुम्ही २५ मेला काढलं तेव्हा पहिल्या लोंब्या कधीच पिकून कडक होऊन उभ्या होत्या.

आता दाण्याचं काय काय झालं असेल ते बघा, तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि गिरणीत तिन्हीची कणीच होते, म्हणून गिरणीवाल्याला एकच दिसतं.

पहिलं, उष्णता. निसवल्यानंतरचे पहिले वीसेक दिवस दाण्यात पीठ भरायचे, त्या वेळी दिवसरात्रीची सरासरी २६-२७ अंशाच्या वर गेली की पिठाचे कण गच्च बसत नाहीत, मधे हवा राहते, आणि दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग दिसतो. रात्री गरम असल्या की आणखी वाईट. आपल्याकडं एप्रिलअखेर सरासरी ३० च्या घरात असते. तुमच्या भावकीतल्याचं मार्चअखेर निसवलं असणार, त्याच्याही तांदळात पांढरं पोट असेलच, पण कमी. वर भाताचं फूल उघडतं सकाळी साधारण १० ते १२, त्या तासा-दोन तासात पारा ३५ च्या वर असला की परागकण नीट काम करत नाहीत आणि दाणा धरतच नाही, पळंज होतं. तुम्ही पळंज किती निघालं ते लिहिलं नाही, मळणीत वाऱ्यावर बरंच उडालं असेल बघा.

दुसरं, ते उशिराचे फुटवे. त्यांचे दाणे काढणीला बारीक, हिरवट, अर्धे भरलेले. ते पॉलिशला टिकत नाहीत.

आणि तिसरं, ज्याच्यावर मी पैज लावायला तयार आहे, वळीव. दाणा एकदा वाळून १५ टक्क्याच्या खाली गेला आणि मग त्याच्यावर पाणी पडलं की तो बाहेरनं फुगतो, आत मात्र कोरडाच असतो, त्या ताणानं दाण्याच्या आतच आडवी चीर पडते. बाहेरनं फोल शाबूत, काही कळत नाही. तुमच्या पहिल्या लोंब्या त्या दिवशी कडक वाळलेल्या होत्या. मग वाळवलंत कुठं ते तुम्ही लिहिलं नाहीत पण मला अंदाज आहे, डांबरी रस्त्यावर, पातळ पसरून, मेच्या उन्हात, एका दिवसात. हो ना? त्यानंही चिरा पडतात.

तर गिरण दोषी का शेत, हे घरी बघता येतं. पोत्यातनं मूठभर भात घ्या, शंभर दाणे मोजून हातानं सोला, वेळ लागतो पण पोराबाळांना लावा कामाला. मग अंधाऱ्या खोलीत काचेच्या ताटात ठेवून खालनं मोबाईलचा टॉर्च मारा. दाण्यात आडवी बारीक काळपट रेघ दिसली तर चीर आहे, म्हणजे गिरणीत जायच्या आधीच मोडलेला. टॉर्चपुढं जो भाग अंधारा दिसतो आणि टॉर्च बंद केला की पांढरा दिसतो, तो खडूचा, म्हणजे उष्णतेचा. हिरवट चपटे दाणे म्हणजे उशिराचे फुटवे. आणि शंभरातले ऐंशी-नव्वद स्वच्छ काचेसारखे निघाले तर मग मात्र गिरणीवाल्याशी बोला, जुन्या हलरला तांदूळ मोडतोच, रबरी रोलरची गिरण असली तर फरक पडतो. उतारा म्हणाल तर १०० किलो भातात फोल २०-२२ किलो, कोंडा ८-१०, राहतो ६८-७० किलो. तुम्हाला ६१ मिळाला म्हणजे सात-आठ किलो कुठंतरी गेलाय, बराचसा पिठी होऊन कोंड्यात.

पुढच्या वर्षी करणार असाल तर थंडीला टाळायचा विचार सोडा, ती येणारच. नोव्हेंबरच्या शेवटी तरवा टाका म्हणजे कडाक्याच्या थंडीआधी तो तीन-चार पानांवर येतो. पिवळा पडला तर गप्प बसा, पाणी सांभाळा, ठिपके दिसले तर जस्त द्या, आणि नवं पान हिरवं निघायला लागलं की मग युरिया, तोही पोटरीच्या आधी आवरता घ्या. काढणी ८०-८५ टक्के दाणे पिवळे झाले की लगेच, हिरव्या फुटव्यांची वाट बघू नका, त्यांच्यासाठी थांबलात म्हणूनच चांगल्या लोंब्या वळवात सापडल्या. वाळवण दोन दिवसांत, जाड थरात, मधे रात्री पोत्यात किंवा ढिगात झाकून ठेवा म्हणजे आतला ओलावा बाहेर येऊन बसतो. दाताखाली दाणा ‘कट्’ करून तुटला की बास, गिरणीला तेवढं पुरे.

प्रश्न: मी पाटण तालुक्यातली, कोयनेच्या वरच्या अंगाला आमचं घर. इंद्रायणी लावतो. यंदा जुलैच्या पावसात तरवा कुजला, १८ जुलैला परत टाकला, १२ ऑगस्टला लावणी. ऑक्टोबर संपता संपता निसवलं, थंडीत भरलं, डिसेंबरच्या दहाला कापलं. सगळे म्हणाले गेलं पीक. तांदूळ कमी झाला हे खरं पण दाणा काचेसारखा आणि वास तर असा की शेजारणी विचारायला आल्या. सासूबाई म्हणतात थंडीतला तांदूळ वासाचाच. पण एक आहे, नवा तांदूळ असून भात दरवर्षीसारखा चिकट होत नाही, जरा मोकळा आणि निवल्यावर ताठ होतो. बियाणं बदललं का आमचं?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वरच्या दादांच्या पत्रासोबत एकाच दिवशी आलं आणि मला हसूच आलं, कारण दोघांचंही पीक मागं पडलं, पण ते उन्हात जाऊन पडले आणि तुम्ही थंडीत. त्यांचं वाटोळं झालं तिथं तुमचं नशीब उघडलं.

सासूबाईंना सांगा त्या बरोबर आहेत. भाताचा वास ज्या द्रव्यामुळं येतो ते बासमती, आंबेमोहोर सगळ्यांत एकच असतं, आणि दाणा भरताना हवा गार असली की ते जास्त टिकतं. बासमतीवाले म्हणूनच हिमालयाच्या पायथ्याची थंडी मिरवतात. इंद्रायणी म्हणजे आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं १९८७ साली दिलेली जात, वास आईकडनंच आलाय. तुमच्याकडं नोव्हेंबरात दिवसाला २८-२९, रात्री १४-१५, सरासरी एकवीस-बावीस. दाणा भरायला एवढं चांगलं हवामान खरिपाच्या भाताला ऑक्टोबरात मिळत नाही, म्हणून पांढरं पोट नाही. भरायला वेळ मात्र जास्त लागतो, महिन्याच्या जागी चाळीस-पंचेचाळीस दिवस. तुम्ही दहा डिसेंबरपर्यंत थांबलात हे फार चांगलं केलंत, लोकं घाई करतात आणि मग हिरवा दाणा घरी आणतात.

बियाणं बदललेलं नाही. तांदळाच्या पिठात दोन प्रकार असतात, एक चिकटपणा आणणारा आणि एक, अमायलोज म्हणतात त्याला, जो भात मोकळा आणि निवल्यावर ताठ करतो. चिकट भाताच्या जातींत दाणा गारव्यात भरला की अमायलोज वाढतं. जपानात होक्काइडो नावाचं उत्तरेचं थंड बेट आहे, तिथल्या तांदळाला याच कारणानं लोक नावं ठेवायचे, ताठ होतो म्हणून, आणि बेटाच्या नावावर कोटी करून त्याला कटकटीचा तांदूळ म्हणायचे. मग त्यांनी मुद्दाम कमी अमायलोजच्या जाती काढल्या, १९८८ ची किरारा ३९७ त्यातली गाजलेली, तेव्हा कुठं लोक गप्प बसले.

तुम्हाला जात बदलायची गरज नाही. पाणी अर्धी वाटी जास्त घाला, अर्धा तास भिजवा, आणि गरम गरम वाढा. निवलेला उरला तर फोडणीचा भात याचाच चांगला होतो, सुटा सुटा. उत्पन्न कमी झालं ते उशिरा लावणीमुळं, फुटवे यायला दिवसच मिळाले नाहीत. आणि हे दर वर्षी करायचं धाडस करू नका. ऑक्टोबरच्या मध्यावर भात पोटरीत असताना चार-पाच रात्री १५ च्या खाली गेल्या असत्या तर परागकण मेले असते आणि तुम्ही मला वासाबद्दल लिहिलं नसतं. यंदा गेल्या नाहीत, एवढंच.

प्रश्न: सांगली शहरातनं लिहितोय. किराणा दुकानात घेतलेल्या तांदळात बरेच दाणे पोटात पांढरे आहेत. व्हॉट्सॲपवर बघितलं की हा प्लास्टिकचा तांदूळ असतो. रेशनच्या तांदळात तर काही दाणे वेगळेच दिसतात. खावा का?

उत्तर: खावा. प्लास्टिक तांदळापेक्षा महाग असतं हो, तोट्याचा धंदा कोण करेल.

पांढऱ्या पोटाचं कारण वर सांगितलंच, दाणा उन्हात भरलाय. खायला काही अपाय नाही, फक्त शिजताना तो मोडतो आणि गिच्च होतो, म्हणून त्याला दर कमी पाहिजे, ते दुकानदाराशी भांडा. जपानी लोक तर साके दारूसाठी मुद्दाम पोटपांढऱ्या दाण्याच्या जाती लावतात, बुरशी आत शिरायला बरी पडते म्हणून. रेशनवरचे वेगळे दाणे म्हणजे फोर्टिफाइड, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी १२ मिसळून दाण्याच्या आकारात पाडलेले असतात, शंभराला एक या प्रमाणात. बायका निवडून फेकून देतात ते. नका फेकू.

प्रश्न: मी कराडला कॉलेजात आहे. थंडीनं भाताचं पीक बुडालं असं खरंच कुठं मोठ्या प्रमाणावर झालंय का? आपल्याकडं तर कधी ऐकलं नाही.

उत्तर: आपल्याकडं ऐकणार कसं, आपला खरीप थंडीच्या आधीच घरात येतो. जपानात १९९३ साली झालं. उन्हाळाभर ढग आणि गारठा, त्याआधी १९९१ साली फिलिपिन्समध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला होता त्याच्या धुराळ्याचाही हात होता असं मानतात. नेहमीचं पीक १०० धरलं तर त्या साली ७४ आलं. उत्तरेकडं तर त्याहून वाईट. तांदळासाठी दुकानांपुढं रांगा, आणि बाहेरचा तांदूळ सहसा घेत नसलेल्या देशाला थायलंड, चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडनं सुमारे २५ लाख टन तांदूळ आणावा लागला.

तिकडं थंडीच्या नुकसानीचे दोन प्रकार मानतात. एक उशिराचा, म्हणजे सुरुवातीच्या गारव्यानं पीक मागं पडतं आणि दाणा भरायच्या वेळी पुढची थंडी गाठते, तांदूळ हिरवा आणि हलका राहतो. दुसरा वांझपणाचा, म्हणजे निसवायच्या दहा-बारा दिवस आधी, पोटरीत परागकण तयार होत असताना गारठा, मग दाणाच धरत नाही. ९३ ला दुसऱ्यानं जास्त मारलं. त्यावर त्यांचा उपाय मला फार आवडतो, पोटरीच्या वेळी वीसेक सेंटिमीटर पाणी भरून ठेवायचं, म्हणजे आतली कोवळी लोंबी पाण्याखाली राहते आणि पाणी हवेपेक्षा उबदार असतं. गोधडीच की. ऑस्ट्रेलियातले भातवालेही हेच करतात. आपल्या उन्हाळी भाताला मात्र पहिला प्रकार उलटा लागतो, उशीर थंडीत न जाता उन्हात जातो, म्हणून जपानी पुस्तक वाचून शिराळ्यात सल्ला देऊ नकोस. परीक्षेत लिही, चालेल.

प्रश्न: जावळी तालुका. उन्हाळी भाताचा तरवा थंडीत वाचवायला काय करावं? थोडक्यात सांगा, मागच्या वेळी तुम्ही दोन पानं लिहिली होती.

उत्तर: ऐकून घेतलं. बी मिठाच्या पाण्यात घालून पोचट काढा, १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ, मग साध्या पाण्यानं धुवा. मोड आणूनच पेरा. एक दिवस भिजवून गोणपाटात बांधून पेंढ्यात किंवा उकिरड्याच्या उबेला ठेवा, थंडीत दोनाच्या जागी तीन दिवस लागतील, लागू देत, १० अंशाच्या आसपासच्या मातीत कोरडं बी टाकलं तर ते नुसतं कुजतं. गादीवाफा दिवसभर ऊन लागेल असा, झाडाच्या सावलीत नको. भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळा, चारसूत्री पद्धतीनं भात लावणारे सांगतात तसं, रोपाला सिलिका मिळते आणि काळी माती उन्हानं तापतेही लवकर.

संध्याकाळी विहिरीचं पाणी चार-पाच सेंटिमीटर भरा, सकाळी ऊन वर आलं की ते गार झालेलं पाणी सोडून द्या. बंगाल, आसाम, बांगलादेशात बोरो भाताचा तरवा ऐन थंडीत असतो, तिकडं पहाटं दोघं जण दोन बाजूंनी दोरी धरून रोपांवरनं ओढतात, दव झटकायला. पांढरा प्लास्टिकचा कागद कमानीवर घालतात, पण दुपारी आत भट्टी होत नाही ना ते बघायचं. लावणी दिवस मोजून करू नका, चार-पाच पानं आली की करा, मग पस्तीस दिवस लागोत नाही तर पंचेचाळीस.

दोन पानं नाही झाली, बघा.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना गाव, पेरणीची तारीख आणि जात एवढं तरी लिहा. आणि तांदळाचे फोटो कृपा करून रात्री ट्यूबलाइटखाली काढून पाठवू नका, सगळेच दाणे पांढऱ्या पोटाचे दिसतात.